संगीत नाटकाला दहा गुणांत बसवणाऱ्या परीक्षक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मराठी नाट्यपुरस्कार देणाऱ्या संस्थांचे परीक्षक आणि संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्याही याद्या लागल्या. संगीत नाटकाच्या पदरात नेहमीचा प्रसाद पडला: उत्कृष्ट संगीत, उत्कृष्ट गायक नट, उत्कृष्ट गायिका अभिनेत्री. ‘सर्वोत्कृष्ट नाटक’ या रकान्यात गद्य नाटक. मधूनच ‘देवबाभळी’सारखं एखादं नाटक ही वेस ओलांडतं, तेव्हा त्याच्याकडे अपवाद म्हणून कौतुकानं पाहिलं जातं आणि पुढच्या वर्षी वेस पुन्हा जागच्या जागी असते. जिंकलेल्या गद्य नाटकांवर आमचा राग नाही, त्यातली काही खरोखर चांगली आहेत. राग आहे तो मोजण्याच्या पद्धतीवर. ती पद्धत अशी आहे की संगीत नाटक कितीही चांगलं झालं तरी नाटक म्हणून पहिलं येऊच नये.

आम्ही म्हणजे ऑर्गन-तबल्याला बसणारे, पदं (नाटकातली गाणी) बसवून घेणारे आणि जुन्या संहितांच्या रंगावृत्त्या, म्हणजे आजच्या प्रयोगासाठी काटछाट केलेल्या प्रती, करणारे. या निकालाशी आमचा संबंध पोटाचा आहे. ‘सर्वोत्कृष्ट नाटक’ हा शिक्का जाहिरातीत छापला की गावोगावचे कंत्राटदार प्रयोग मागतात. ‘उत्कृष्ट संगीत’ छापून तिकीटबारी हलत नाही. त्यात संगीत नाटकाचा खर्च आधीच जास्त: दोन साथीदार किमान, ध्वनिव्यवस्थेला एक जास्तीचा माणूस, पदांच्या वेगळ्या तालमी, आणि आजारी पडला तर बदली न मिळणारा गाता नट.

आता तक्रारी.

पहिली गुणपत्रिकेची. तपशील संस्थेगणिक बदलतो, पण घाट साधारण असा असतो: 100 पैकी संहिता 25, दिग्दर्शन 25, अभिनय 25, नेपथ्य 10, संगीत 10, प्रकाश 5. गद्य नाटकासाठी हे वाटप ठीक आहे. आता यात संगीत नाटक बसवून पाहा. तीन तासांच्या प्रयोगातून मध्यंतराची 15 मिनिटं वजा केली की 165 उरतात. 22 पदं, सरासरी तीन मिनिटांची, म्हणजे 66 मिनिटं. खेळाचे पाच भाग केले तर दोन भाग गाण्यात जातात, आणि त्या दोन भागांना गुण किती, तर दहा.

पुढचं गणित याहून वाईट आहे. गद्य नाटकात ध्वनिमुद्रित पार्श्वसंगीताचे पाच तुकडे नेमक्या जागी वाजले तर दहापैकी सात सहज मिळतात. इकडे 22 नव्या चाली बांधणाऱ्याला फार तर नऊ. इतक्या कामाचा फायदा दोन गुणांचा. शिवाय गाण्याला वेळ दिल्यामुळे संवादांची पानं कमी भरतात. परीक्षकाच्या हातात टंकलिखित संहिता असते, ती चाळून तो ‘संहिता तोकडी’ असा शेरा मारतो आणि 25 पैकी चार गुण तिथे कापले जातात. म्हणजे नाटक संगीत असल्याबद्दल निव्वळ दोन गुणांचा दंड.

दुसरी तक्रार संहिता वाचण्याच्या पद्धतीची, आणि इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांची संहिता, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, रंगभूमीवर 1967 मध्ये. नाटकाचा झगडा दोन घराण्यांचा: पंडित भानुशंकर एका बाजूला, खाँसाहेब दुसऱ्या बाजूला. ‘घेई छंद मकरंद’ हे पद या नाटकात दोन चालींत येतं. पंडितजींच्या गळ्यात ते ठेहरावानं, एकेक स्वर निरखत उलगडतं. खाँसाहेबांच्या गळ्यात तेच शब्द लयीवर स्वार होऊन झेपावतात. आता हे पद संहितेत वाचा. तुम्हाला त्याच ओळी दोनदा छापलेल्या दिसतील. घाईतल्या परीक्षकाला ती पुनरुक्ती वाटेल, एखादा पेन्सिलीनं ‘काटता आलं असतं’ असंही लिहील. वास्तविक नाटकाचा मुद्दाच तिथे आहे. दोन माणसांमधलं अंतर, एकाचा डौल, दुसऱ्याची ईर्षा हे कुठल्याही संवादात इतक्या नेमकेपणानं आलेलं नाही, कारण ते शब्दांचं काम नव्हतं. खाँसाहेब हवेलीत पाऊल टाकल्यावर ‘या भवनातील गीत पुराणे’ गातात, तेव्हा नवा मालक जुन्या सुरांना घराबाहेर काढत असतो. तो हुकूम आहे, आणि तो गाऊनच द्यायचा असतो. बोलून दाखवला तर नुसता उद्धटपणा वाटेल. गायल्यावर मात्र जुन्या सुरांच्या बाजूचा प्रेक्षकही नाइलाजानं मान डोलावतो आणि स्वतःच्याच दाद देण्याचा त्याला संकोच वाटतो. आम्ही नाट्य म्हणतो ते हे.

अशा नाटकाची संहिता नुसत्या अक्षरांवर जोखणं म्हणजे नकाशा बघून घाटाच्या चढाला गुण देणं. जुन्या छापील नाटकांत निदान पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि मूळ चालीचा उल्लेख असायचा. वाचणारा जाणकार असेल तर मनात सूर लागायचा. आज आपल्याकडे येणाऱ्या टंकलिखित प्रतीत ‘(पद)’ असं लिहून खाली चार ओळी असतात.

तिसरी तक्रार कप्प्यांची. कुठल्या नाटकाला ‘संगीत’ म्हणायचं हे आपण पोशाखावरून ठरवता की काय, अशी शंका येते. ‘घाशीराम कोतवाल’ (1972) पाहा. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना, गात-डोलत उभी राहणारी माणसांची भिंत, कीर्तनाचा बाज, अभंगाला लागून लावणी. यातलं गाणं आणि ताल काढले तर माणसांची भिंत ही नुसती रांग उरते. तरी याला कुणी संगीत नाटक म्हणत नाही, कारण यात भरजरी शालू नाही आणि तानही नाही. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ (1974) तीच गोष्ट: मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो. कीर्तनाचा ताल सुटला तर तो विनोद नुसता अघोरी वाटेल. ही नाटकं ‘प्रायोगिक’ या कप्प्यात गेली आणि संगीत नाटक म्हणजे पौराणिक कथा अधिक मैफल अशी समजूत पक्की झाली. तीच समजूत आता आमच्या मुळावर आली आहे.

मग नाटक म्हणून पुरस्काराला खरोखर पात्र कोणती? आम्ही साधी कसोटी लावतो. पद काढा, त्याचा आशय गद्यात सांगा आणि पुढचा प्रवेश चालवा. प्रवेश लंगडला नाही तर ते पद शोभेचं होतं. लंगडला तर ते नाटकाचं हाड होतं. ही कसोटी आमच्याही लाडक्या नाटकांना लावली आहे आणि काही निकाल आम्हालाच अडचणीचे आहेत.

‘सौभद्र’ (1882): पात्र, निःसंशय. ‘शाकुंतल’ 1880 मध्ये आलं, पाया तिथे घातला गेला, पण त्याच्यामागे कालिदास उभा आहे. ‘सौभद्रा’त अण्णासाहेब किर्लोस्करांनी महाभारतातल्या माणसांना घरातली माणसं केलं, आणि ते पदांनी केलं. सुभद्रेचं ‘वद जाऊ कुणाला शरण’ ऐका. दुर्योधनाशी लग्न ठरलं आहे, भाऊ ऐकत नाही, आणि ती जो प्रश्न विचारते त्याला उत्तर द्यायला रंगमंचावर कुणी नाही. हेच भाषण केलं असतं तर ती तक्रार झाली असती.

‘शारदा’ (1899): पात्र. देवलांनी जरठकुमारी विवाहाचा, म्हणजे म्हाताऱ्यानं कोवळ्या मुलीशी लग्न करण्याचा, विषय घेतला आणि ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ हे थट्टेचं पद लिहिलं. चाल हसरी, मजकूर भयंकर. प्रेक्षक आधी हसतो आणि मग कशाला हसलो ते त्याला कळतं. पुढे शारदेचं ‘मूर्तिमंत भीती उभी’ येतं तेव्हा त्या हसण्याची परतफेड होते. (जाता जाता: 1929 च्या शारदा कायद्याचं नाव या नाटकावरून आलेलं नाही, हरविलास सारडा यांच्यावरून आलेलं आहे. ही चूक स्मरणिकांमधून अजून छापली जाते.)

‘संशयकल्लोळ’ (1916) हे तर कसोटीचं तयार उदाहरण. देवलांनी हा फार्स आधी 1893 मध्ये ‘फाल्गुनराव’ या नावानं गद्यात लिहिला होता. संगीत आवृत्ती नंतरची. फाल्गुनराव आणि कृत्तिकेच्या संशयाचं यंत्र गद्यावरच चालतं, तिथे पदांची गरज नव्हती. पण अश्विनशेठ आणि रेवती यांच्या प्रेमाला वजन आलं ते गाण्यानं, आणि ते वजन नसेल तर संशयानं मोडायला काही उरतच नाही. म्हणून पात्र, पण काठावर.

‘मानापमान’ (1911) आणि ‘स्वयंवर’ (1916) या दोन्हींत आमच्यातच भांडण आहे. दोन्ही खाडिलकरांची. पहिल्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, दुसऱ्याच्या भास्करबुवा बखल्यांच्या. नुसतं संगीत पाहिलं तर ‘स्वयंवर’ वरचढ, यावर एकमत. पण ‘सर्वोत्कृष्ट नाटक’ म्हणाल तर ‘मानापमान’. भामिनी ‘नाही मी बोलत नाथा’ म्हणते आणि ते म्हणताना मिनिटांमागून मिनिटं बोलतच राहते. अबोला गाण्यातूनच मोडतो. ‘स्वयंवरा’तली कित्येक पदं अप्रतिम आहेत आणि त्यातली बरीच जागा बदलून गायली तरी कथानकाला पत्ता लागणार नाही. हे लिहिताना आमच्यापैकी दोघांनी हात आखडता घेतला, हेही नोंदवतो.

‘एकच प्याला’ (1919) उलट्या बाजूनं अडवतं. पदं काढली तरी हे नाटक उभं राहतं, सुधाकराच्या पडझडीला गाण्याचा टेकू लागत नाही. तेव्हा श्रेष्ठ नाटक म्हणून पात्र, संगीत नाटक म्हणून नाही. अपवाद एकच, सिंधूचं ‘घास घे रे तान्ह्या बाळा’. घरात अन्न नसलेली आई मुलाला भरवताना जे गुणगुणेल तेच ते आहे, आणि तिथे तान घेणाऱ्या गायिकेचे गुण आपण कापलेत तर आम्ही टाळ्या वाजवू. या नाटकाची पदं मूळ लेखक गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले, नाटक पुढच्या महिन्यात रंगभूमीवर आलं. एका नाटकाला दोन लेखक असू शकतात, ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीची आहे हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

साठच्या दशकातली विद्याधर गोखल्यांची नाटकं लोकांनी डोक्यावर घेतली. आमच्या कसोटीवर ती संगीताकडे जास्त झुकतात. ‘मत्स्यगंधा’ (1964) मध्ये अभिषेकींनी पदाचा विस्तार आवरला, पद संवादातून उगवतं आणि वेळेत संपतं. त्यामुळे कानेटकरांच्या नाटकाचा ओघ तुटत नाही. पात्र. ‘कट्यार’बद्दल वर लिहिलंच आहे.

‘देवबाभळी’ (2017) पात्र, आणि कारण अगदी साधं आहे. दोन बायका, आवली आणि लखुबाई, आणि एक न दिसणारा विठ्ठल. तिसरं माणूस रंगमंचावर येत नाही. त्याची जागा आनंद ओकांच्या संगीतानं भरली आहे.

आता चौथी तक्रार, संगीतकाराच्या नावाची. या देशातल्या मोठ्या सन्मानांची रचना पाहिली तर संगीत नाटक दोन खुर्च्यांच्या मधे पडतं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार कलावंताला मिळतो, एखाद्या निर्मितीला नाही. बालगंधर्वांना तो 1955 मध्ये मिळाला. साहित्य अकादमीचा पुरस्कार पुस्तकाला मिळतो. ‘नटसम्राट’ला 1974 मध्ये आणि महेश एलकुंचवारांच्या ‘युगान्त’ला 2002 मध्ये मिळाला, दोन्ही गद्य. प्राजक्त देशमुखांना ‘देवबाभळी’साठी 2020 चा युवा पुरस्कार मिळाला, तोही संहितेचा. त्यात गैर काही नाही, ती संस्थाच साहित्याची आहे. पण म्हणूनच पडद्यापासून पडद्यापर्यंतच्या अख्ख्या नाटकाला एक नाटक म्हणून जोखण्याची जबाबदारी आपल्यासारख्यांवर येते. आणि आपणही ‘सर्वोत्कृष्ट नाटक’ जाहीर करताना लेखक, दिग्दर्शक आणि निर्माता एवढीच नावं वाचता.

ही चूक दुसरीकडेही झाली आहे आणि तिथे ती दुरुस्तही झाली. अमेरिकेत नाटकाचा पुलित्झर पुरस्कार 1932 मध्ये प्रथमच एका संगीत नाटकाला मिळाला, ‘ऑफ दी आय सिंग’ला. पुरस्कारात नावं आली संवाद लिहिणाऱ्या कॉफमन आणि रिस्किंड यांची, गीतं लिहिणाऱ्या आयरा गर्श्विन यांचं. संगीत देणारे जॉर्ज गर्श्विन वगळले गेले, कारण पुरस्कार नाटकाचा होता. 1950 मध्ये ‘साउथ पॅसिफिक’ला तोच पुरस्कार मिळाला तेव्हा संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांचं नाव त्यात होतं. अठरा वर्षांत एवढं शहाणपण आलं. जॉर्ज गर्श्विन यांना मात्र 1998 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, मरणोत्तर विशेष सन्मान देऊन भरपाई करावी लागली. आपल्याला तोवर थांबायचं कारण नाही. ज्या नाटकात चाल बदलली की पात्राचा स्वभाव बदलतो, त्या नाटकाचा संगीतकार हा सहलेखक आहे.

पाचवी तक्रार जुन्या नाटकांच्या पुनरुज्जीवनाची. रात्रभर चालणारं, शंभरावर पदांचं नाटक आज तीन तासांत आणि वीस-बावीस पदांत बसवायचं म्हणजे पाचातली चार पदं जातात. ती कोणती जातात यावर सगळं अवलंबून असतं. वाईट रंगावृत्ती कशी होते तेही सांगतो: लोकांना पाठ असलेली पदं आधी ठेवली जातात, मग उरलेल्या वेळात कथानक कोंबलं जातं. निरोप पोचवणारी, प्रवेश जोडणारी, दोन-दोन ओळींची साकी-दिंडी पहिली उडते, कारण तिला टाळ्या नसतात. मग दोन बड्या पदांमध्ये नट घाईघाईनं गोष्ट सांगतो आणि परीक्षक लिहितात, ‘कथानक विस्कळीत’. शेरा मूळ नाटककाराच्या खाती जमा होतो. खरं तर तो कात्री चालवणाऱ्याचा आहे, म्हणजे काही वेळा आमचाच. रंगावृत्तीला वेगळे गुण नाहीत म्हणून ती कुणी निगुतीनं करत नाही. आणि नव्या नाटकाच्या नव्या चालींना शंभर वर्षं घोटलेल्या चालींशी एकाच गटात झुंजवणं हा तर उघड अन्याय आहे.

सहावी तक्रार कानांची. आपण प्रयोग कुठून आणि कशात ऐकता?

प्राथमिक फेरी बऱ्याचदा चित्रफितीवर होते. मागच्या रांगेत एक कॅमेरा, त्याचाच माइक. त्यात आवाजाचा चढउतार यंत्र आपोआप सपाट करतं, खर्ज जातो, तार सप्तकात आवाज फाटतो, तबला डब्यासारखा वाजतो. गायिकेला कमी गुण पडतात ते माइकच्या चुकीचे.

प्रत्यक्ष प्रयोगातही एक साधी गोष्ट नाटक बिघडवते. साथीदार आता पुष्कळदा विंगेत बसतात. नट दुसऱ्या टोकाला गेला की दहा मीटरचं अंतर पडतं. आवाजाला तेवढं कापायला सुमारे 30 मिलिसेकंद लागतात. विलंबित लयीत हे लपतं. द्रुत लयीत लग्गी (तबल्यावरचे झपाट्याचे बोल) सुरू झाली की नट मागे पडल्यासारखा वाटतो आणि परीक्षक लिहितात, ‘लयीला कच्चा’. नटाच्या जवळ साथीचा स्पीकर ठेवला की दोष जातो. तो ठेवू द्यायचा की नाही हे स्पर्धेच्या तांत्रिक तालमीला किती वेळ मिळतो यावर ठरतं. गद्य नाटकाला पुरणारी अर्ध्या तासाची तालीम आम्हाला पुरत नाही.

पट्टीचंही, म्हणजे गाणारा आपला षड्ज कुठे धरतो त्याचंही, तसंच. नायक पेटीच्या काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चारमध्ये. त्याचा पंचम तो तिचा षड्ज. त्याच्या पदाला लागलेला तबला तिच्या पदाला चालत नाही, दोन-तीन दायाँ (उजव्या हाताचे तबले) आधी जुळवून ठेवावे लागतात आणि दिव्यांच्या उष्णतेनं त्यांची पुडी पुन्हा चढते. युगुलगीत आलं की दोघांपैकी कुणाला तरी गैरसोयीच्या पट्टीत जावं लागतं, नाहीतर संगीतकाराला एकच चाल दोन ठिकाणाहून उचलावी लागते. हे ज्याला कळतं तो परीक्षक युगुलगीत नीट पार पडलं याचे गुण देईल. ज्याला कळत नाही तो नायिकेचा आवाज ‘दबलेला’ म्हणेल.

ट्रॅकवर, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर, गाणाऱ्या नाटकांना बाद करा असं आम्ही म्हणत नाही, पैशांअभावी ते करावं लागतं. पण ट्रॅक थांबत नाही. हशा आला, नटाचा आवंढा अडकला, समोरच्यानं वाक्य गाळलं, तरी तो आपल्या वेगानं पुढे जातो. जिवंत साथ नटाबरोबर श्वास घेते. गंधर्व नाटक मंडळीनं तबल्याला थिरकवाँ खाँसाहेबांना आणि सारंगीला कादरबक्षांना बसवलं होतं, ते शोभेला नव्हे. दोन्ही प्रकारांना एकाच तागडीत तोलताना निदान फरकाची नोंद तरी करा.

आमच्या मागण्या अशा आहेत.

संगीत नाटकाला ‘सर्वोत्कृष्ट नाटक’ या मुख्य गटातच ठेवा आणि त्याच्यासाठी वेगळी गुणपत्रिका वापरा. आमचा प्रस्ताव: संहिता व पदरचना 20, संगीत 25, दिग्दर्शन 20, अभिनय व गायन मिळून 25, नेपथ्य व प्रकाश 10. संगीताच्या 25 मध्ये चाल, साथ आणि पदाची नाटकातली जागा, तिन्ही धरा. अभिनय आणि गायन वेगळे मोजू नका. पद गाताना पात्र सोडून मैफलीत शिरणाऱ्या नटाला दोन्हीकडून गुण मिळतात, ते त्यामुळे बंद होईल.

संहितेसोबत सर्व पदांचं ध्वनिमुद्रण मागवा आणि ते ऐकत संहिता वाचा. प्रत्येक पदावर राग, ताल, चाल नवी की पारंपरिक, हे लिहिणं सक्तीचं करा.

‘सर्वोत्कृष्ट नाटक’ जाहीर करताना संगीतकाराचं आणि वेगळा असेल तर पदकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीनं वाचा. सन्मानचिन्ह आणि रक्कम यांतही त्यांचा वाटा ठेवा.

जुन्या नाटकांच्या निर्मितीत रंगावृत्तीला स्वतंत्र पारितोषिक द्या. नव्या चालींचं पारितोषिक पारंपरिक चालींपासून वेगळं काढा.

तीन परीक्षकांत एक तरी नाट्यसंगीताची साथ किंवा दिग्दर्शन केलेला असावा. नुसता नामवंत गवई आणून बसवू नका. तो तानांना गुण देतो आणि आमची अडचण वाढवतो.

चित्रफितीवर निवड करायची असेल तर ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरवरून थेट घेतलेला आवाज सक्तीचा करा. अंतिम फेरीत जिवंत साथीच्या नाटकाला तांत्रिक तालमीसाठी किमान दोन तास द्या. वन्समोअर घेण्याबद्दलचा नियम आधी छापा. वेळेच्या मर्यादेत तो धरायचा की नाही हे प्रयोग संपल्यावर ठरवू नका.

आणि शेवटचं: निकालासोबत गुणपत्रिका प्रसिद्ध करा, प्रत्येक रकान्यासह. पुढच्या वर्षीच्या प्रवेशिका मागवण्याआधी या मागण्यांवर आपलं लेखी उत्तर यावं. नकार असेल तर तोही कारणांसह कळवावा.

आपले,
संगीत नाटकांचे काही साथीदार, पदं बसवणारे आणि रंगावृत्तीकार